मोटर ऑटोवर

चहाचं आधण ठेवून मागच्या दाराशी आले, तर तारेपलीकडे काकू ओट्यावर मांडी ठोकून बसलेल्या. पुढ्यात सूप, सुपात हिरवागार ढीग. एकेक पान उचलायचं, पातं चुटकन खुडून टाकून द्यायचं आणि देठ तेवढा कागदी पिशवीत. मेथी निवडताना आपण नेमकं उलटं करतो. मला राहवलं नाही.

"काकू, आज देठांची भाजी का काय?"

"भाजीच म्हण. पण द्राक्षाची आहे, आणि खाणारी नाशिकची लॅब आहे."

आमच्या निफाड तालुक्यात घर म्हणजे बागेला चिकटलेल्या चार खोल्या. काकूंची बाग आणि आमची बाग यांच्यामध्ये तारेचं कुंपण. कुंपणावर माझी गुळवेल, त्यांचा दोडका आणि दोघींच्या गप्पा असं सगळं एकात एक वाढलेलं. काकांना जाऊन बारा वर्षं झाली. तेव्हापासून अडीच एकर थॉमसन द्राक्षं काकू एकट्या बघतात. गावातले बाप्ये तोंडावर "काकूंचं नशीब चांगलं" म्हणतात आणि मग कोणी बघत नाही असं पाहून त्यांच्या बागेचा वापसा चाचपून जातात.

"ये इकडे, हात लाव जरा," काकू म्हणाल्या. तारेतून हात घालून मीही खुडायला लागले. चहा तिकडे उकळत राहिला.

"हे पान कुठलं, सांग बघू?"

"वेलीचं."

"शहाणी! घडाच्या समोरचं. बाग फुलोऱ्यात आली की घडाच्या बरोबर समोर जे पान असतं, त्याचा देठ घ्यायचा. एकाच वेलीचे ओरबाडायचे नाहीत. अख्ख्या प्लॉटमधून नागमोडी चालत जायचं आणि इथून एक, तिथून एक करत शंभरेक जमवायचे. रोगट नको, फाटकं नको, कालच फवारलेलं तर नकोच नको."

"आणि मे महिन्यात काढले होते ते?"

"तेव्हा घड कुठून आणायचा? तेव्हा खालून पाचवं पान. खरड छाटणीला ४५ दिवस झाले की."

ज्यांच्या घरी बाग नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे द्राक्षाला वर्षातून दोनदा कात्री लागते, पीक मात्र एकदाच येतं. एप्रिलच्या आसपास खरड छाटणी, ती काडी तयार करायला. सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, ती त्या काडीतून घड काढायला. आता गोडी छाटणी होऊन चाळीसेक दिवस झालेत, म्हणून काकूंच्या पुढ्यात सूप.

"माती तपासून आणली होती ना जूनमध्ये? मग परत हा खर्च कशाला?"

"मातीवरून कळतं कोठीत काय आहे. वेलीच्या पोटात किती गेलं ते देठ सांगतो. कोठी भरलेली असून पोरं वाळलेली घरं तू पाहिली नाहीस का?" असं म्हणून त्यांनी रस्त्यापलीकडच्या घराकडे नुसती हनुवटी उडवली. माझा चहा उतू गेला तो तिथेच.

रस्त्यापलीकडे अण्णांचं. त्यांनी दोन वर्षांपूर्वी शेततळं केलं. निळं प्लास्टिक, भोवती जाळी, उद्घाटनाला पेढे. पाणी आलं की माणसाचा हात सैल सुटतो. त्या साली मे महिन्यात अख्ख्या शिवारात बागांना मोजून मापून पाणी, कारण पालखेडच्या कालव्याचं आवर्तन लांबलेलं. अण्णांचं मात्र सकाळ-संध्याकाळ ड्रिप चालू, वर हप्त्याला युरिया. बाग अशी माजली की मांडवाखाली दुपारी दिवा लावावा. पानं काळीभोर, काडी अंगठ्यासारखी. अण्णा येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून बाग दाखवत. वहिनींनी तर दिवाळीत तोडे करायचे म्हणून सोनाराकडे वजनसुद्धा विचारून ठेवलं होतं.

ऑक्टोबरात छाटणी झाली, डोळे फुटले आणि घडांच्या जागी बाळ्या. बाळी म्हणजे वेलीचा तो गुंडाळणारा तंतू. इकडे बाळी, तिकडे बाळी.

"तोडे राहिले, बाळ्या मिळाल्या," काकू म्हणाल्या. बाकीचं बोलणं छापण्यासारखं नाही.

पण त्यातली गोम काकूंनीच मला समजावली होती. ऑक्टोबरात दिसणारा घड ऑक्टोबरात होत नाही. खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांत, म्हणजे ऐन मे-जूनमध्ये, काडीवरच्या डोळ्याच्या आत तो ठरतो. डोळ्यात एक बारकासा कोंब असतो. त्याचा घडही होऊ शकतो, बाळीही. डोळ्यावर ऊन पडलं, वेलीला जरा ओढ लागली, नत्र आवरतं घेतलं, स्फुरद पोचलं तर घड. वेल नुसती पळत सुटली, पानांची गर्दी झाली, मुळाशी चिखल राहिला तर बाळी. म्हणून त्या पंधरा-वीस दिवसांत पाणी निम्म्याहून खाली आणायचं, युरियाच्या गोणीला दोरा बांधून ठेवायचा, शेंडे मारून सबकेन, म्हणजे बगलेतून उपकाडी, करायची. आणि हे सगळं मे महिन्याच्या उन्हात! समोर वेल तहानेली दिसते, तुमच्याकडे तळं भरलेलं असतं, आणि तुम्ही हात बांधून बसायचं. अण्णांना तेच जमलं नाही.

"माया अंगाशी आली त्याच्या," काकू म्हणाल्या. "पोराच्या बाबतीतही तेच."

अण्णांच्या पोराचं प्रकरण वेगळं आहे, ते पुन्हा कधीतरी.

मात्र अण्णांना हसायचं आम्ही सगळ्यांनी २०२५ मध्ये सोडलं. त्या सालचा मे आठवतो ना? पावसाळ्याआधीच पाऊस. २६ मेला मान्सून मुंबईत दाखल आणि आमच्याकडे त्याच्या आधीपासूनच ढग हटायला तयार नाहीत. ज्या दिवसांत डोळ्यांना ऊन हवं, त्याच दिवसांत अंधार. ज्या दिवसांत पाणी तोडायचं, त्याच दिवसांत वरून नळ चालू. काकूंनी ड्रिपचा कॉक बंद केला होता, आम्हीही केला होता; आभाळाला कॉक कुठला? पुढे गोडी छाटणीनंतर कितीतरी बागांत घडच निघाले नाहीत, काहींनी तर कुऱ्हाड लावली. काकूंच्याही बागेत निम्मेच निघाले. त्या साली त्या सूप घेऊन ओट्यावर आल्या नाहीत.

"मग ह्या देठांत काय सांगणार लॅब?" मी विचारलं.

"सांगेल की नत्र किती, स्फुरद किती, पालाश, मॅग्नेशियम, जस्त, बोरॉन. शिवाय सोडियम. आपलं बोअरचं पाणी खारट, विसरलीस?"

कशी विसरेन? गेल्या साली आमच्या बागेत पानांच्या कडा करपल्या. ह्यांनी पाहिलं, म्हणाले पालाश कमी. दुकानदार म्हणाला पालाश कमी. साडूंनी फोनवर फोटो बघून सांगितलं पालाश कमी. तीन हप्ते ०-०-५० सोडलं. करपणं काही थांबेना. शेवटी काकूंनी पाणी आणि देठ तपासायला लावले, तर पालाश बरा होता, सोडियम आणि क्लोराईड चढलेले. पालाश कमी पडला तरी जुन्या पानाची कड जळते आणि क्षार चढले तरी कडच जळते. डोळ्यांनी बघून काय कळणार? उलट जादा पालाशनं मॅग्नेशियम अडवलं आणि महिनाभरानं जुनी पानं शिरांमधून पिवळी पडायला लागली ती वेगळीच. साडूंना मी अजून सांगितलेलं नाही.

पिवळ्यावरून आठवलं. आमच्या बागेचा विहिरीकडचा कोपरा चुनखडीचा आहे. तिथे दर साली शेंड्याची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या. भाऊजींचं एकच औषध: युरिया.

"नत्र कमी पडलं तर पिवळं खालून चढतं," काकू म्हणतात. "जुनी पानं आधी. शेंडा पिवळा आणि शिरा हिरव्या म्हणजे लोह. आणि लोह नाही असं नाही, मातीत आहे. चुनखडीत ओल जास्त राहिली की ते मुळीला मिळत नाही. तू त्या कोपऱ्याला पाणी कमी कर, शेणखत घाल, आणि चिलेटेड लोह आणायचंच तर चुनखडीत टिकणारं आण."

"भाऊजी म्हणतात, पाणी कमी पडलं म्हणूनच पिवळी पडली."

"मग दिलं असेल जास्त."

"दिलं."

"अजून पिवळी झाली असतील."

"झाली."

काकू काही बोलल्या नाहीत. दोन देठ तेवढे जोरात खुडले.

भाऊजींचा विषय निघालाच आहे, तर ड्रमची गोष्ट सांगते. गावभर झालीच आहे. माणूस कष्टाळू, पण घाई फार. एका सकाळी वेळ वाचवायचा म्हणून त्यांनी कॅल्शियम नायट्रेट आणि १२-६१-० एकाच ड्रममध्ये ओतलं आणि काठीनं ढवळलं. मी कपडे वाळत घालत होते. बघते तर ड्रममध्ये दूध नासल्यासारखा चोथा! कॅल्शियम आणि स्फुरद एकमेकांना भेटले की असा साका होतो, तो मग पाण्यात विरघळत नाही. सल्फेटवाली खतंही कॅल्शियमबरोबर चालत नाहीत. भाऊजींनी तो साका टाकून द्यायचा, तर "महागाचं खत आहे" म्हणून ड्रिपला खत सोडणाऱ्या व्हेंचुरीतून सोडला! फिल्टर तुंबला, तो धुतला. पुढे ड्रिपर तुंबले, ते कोण धुणार?

काकूंना कळलं तेव्हा त्यांनी मला दुधाचं अर्ध्या लिटरचं माप दिलं. म्हणाल्या, "बागेत जा, पहिल्या ओळीच्या पहिल्या ड्रिपरखाली ठेव आणि घड्याळ बघ. मग शेवटच्या ओळीच्या शेवटच्याखाली."

आमचे ड्रिपर तासाला ४ लिटरचे. म्हणजे अर्धा लिटर साडेसात मिनिटांत भरायला हवा. पहिला आठ मिनिटांत भरला. शेवटच्या ओळीला मी उकिडवी बसून राहिले, मुंग्या चावल्या, माप भरायला बारा मिनिटं लागली. म्हणजे तासाला अडीच लिटर. तिथल्या वेलींना पाणीही कमी आणि पाण्यातून जाणारं खतही कमी, आणि आम्ही वर्षभर म्हणत होतो की त्या कोपऱ्याची जमीनच हलकी! मग ॲसिडनं नळ्या साफ केल्या, शेवटची टोकं उघडून घाण बाहेर सोडली. निघालेलं पाणी ताकासारखं होतं.

त्या दिवसापासून "दोन तास पाणी दिलं" असं कोणी म्हटलं की मला हसू येतं. दोन तास म्हणजे किती? आमची लावण ९ बाय ५ फुटांवर, म्हणजे एकरात साडेनऊशेच्या वर वेली. वेलीला दोन ड्रिपर धरले तर तासाला आठ लिटर, म्हणजे एकराला एका तासात पावणेआठ हजार लिटरच्या आसपास. एकरभर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे चार हजार लिटर. म्हणजे तासाला जवळजवळ दोन मिलिमीटर. हा हिशोब मी स्वतः केला, वहीच्या मागच्या पानावर, आणि ह्यांना दाखवला. ह्यांनी कॅल्क्युलेटरवर तपासला. बरोबर निघाला म्हणून जरा गप्प होते.

मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्ला येतो, त्यात पाणी असंच मोजलेलं असतं: रोज किती मिलिमीटर उडालं आणि बाग कुठल्या अवस्थेत आहे. उडणारं पाणी मोजायला चार फूट व्यासाचं, वीतभर खोल असं उघडं भांडं ठेवतात. त्यातलं पाणी रोज किती उतरलं ते बघायचं. मे महिन्यात ते भराभर उतरतं, डिसेंबरात त्याच्या निम्मंही नाही. काकूंनी आधी परात ठेवून बघितली होती. कुत्री पाणी प्यायली.

"मग आता तुम्ही कसं ओळखता?"

"पीठ मळायला येतं ना तुला?" त्या ओट्यावरून उतरल्या, बोदाच्या कडेला खुरप्यानं वीतभर खणलं आणि मुळीजवळची मूठभर माती काढून दाबली. "बोटांतून पाणी आलं तर हात आवर. गोळाच होईना तर पाणी सोड. गोळा होतो आणि हे असं टाकलं की फुटतो..." त्यांनी तो माझ्या पायाशी टाकला, त्याची ढेकळं झाली. "हा वापसा. भाकरीच्या पिठाहून कोरडं, लाडवाच्या भाजणीहून ओलं."

मी खाली वाकले तर मातीत धाग्यासारख्या पांढऱ्या मुळ्या.

"ह्या पांढऱ्या मुळ्याच जेवतात. चिखलात बुडवल्यास तर काळ्या पडतील, मग वरून कितीही महागाचं खत ओत."

आता माझ्या घरची गोष्ट. ती काकूंना मी सांगितलेली नव्हती, पण त्यांना ठाऊक होती.

"परवा रात्री तुमच्या बागेत पाणी चालू होतं का गं?"

"नाही, म्हणजे..."

"मला झोप लागत नाही. मोटरचा आवाज येत होता."

झालं असं. रात्रीची लाईट होती. ह्यांनी स्टार्टर ऑटोवर टाकला. लाईट आली की मोटर आपोआप चालू होईल, तासाभरानं उठून बंद करतो म्हणाले. आणि झोपले. मीही झोपले. पहाटे जाग आली ती मोटरच्या आवाजानं. आठ तास! वहीतल्या हिशोबानं एकराला साठ हजारांच्या वर लिटर, म्हणजे पंधरा मिलिमीटरचा पाऊस आम्ही घरच्या विजेवर पाडला. तोही फुलोऱ्यात, जेव्हा पाणी सगळ्यात कमी हवं.

"बघू," काकू म्हणाल्या आणि तारेतून वाकून आमच्याच पहिल्या ओळीतला एक घड तळहातावर हलकेच झटकला. तळव्यावर हिरवट बारीक चुरा पडला. त्यांनी चष्मा वर केला. "ह्या टोप्या. फूल उमलताना गळतात, त्यांची काळजी नाही. पण हा बघ, हा अख्खा दोडा, देठासकट. आणि हा. ही गळ."

मी मोजलं. एका घडातून नऊ.

"ह्यांना सांगू नका काकू, आधीच मला म्हणतायत की तू उठवलं नाहीस."

"मी कशाला सांगू? दोन-तीन दिवस पाणी बंद ठेव, पाण्यातून नत्र तर मुळीच सोडू नकोस, बगलफुटी काढून घडांना वारा लागू दे. आणि गळ थांबवायची बाटली आणायला पाठवू नकोस त्याला."

बाटली म्हटली की काकू जरा तापतात. माजलेली वेल पाण्यानं आणि नत्रानं आवरायची असते. ते कष्टाचं म्हणून बाटलीनं आवरायची सवय लागली. वाढ रोखायला जे क्लोरमेक्वाट मारत, लिहोसिन म्हणायचे सगळे, त्याचा अंश २०१० साली युरोपात आपल्या द्राक्षांत सापडला आणि कंटेनरच्या कंटेनर अडकले. काका तेव्हा होते. निर्यातीचे पैसे आले नाहीत, सोसायटीचं कर्ज तेवढं राहिलं. काकूंच्या गळ्यातली पोत तेव्हा गेली ती अजून आलेली नाही. हे त्या कधी बोलत नाहीत. आमच्या सासूबाईंनी मला सांगितलं.

"पुढे थंडी आहे," काकूंनी विषय बदलला. निफाडची थंडी तुम्ही पेपरात वाचत असाल, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा पारा छापून येतो. मण्यात पाणी उतरायच्या दिवसांत ती कडाडली की हिरव्या मण्याला गुलाबी छटा येते, पिंक बेरी म्हणतात. दिसायला गोड, व्यापाऱ्याला नको. मग पहाटे शेकोट्या पेटवा, घडांना कागद लावा, पहाटेच थोडं पाणी सोडा, म्हणजे बागेतली हवा तेवढी गारठत नाही. काकू त्या दिवसांत पहाटे तीनला स्वेटरवर शाल आणि शालीवर काकांचं जर्किन घालून कॉक फिरवायला जातात.

"आणि मणी फुगताना?"

"तेव्हा तोडायचं नाही. थोडं थोडं, रोज सारखं. चार दिवस उपाशी ठेवून पाचव्या दिवशी ढोसलंस की मणी तडकतो. काढणीनंतर तर लोक नळ बंद करून लग्नाला जातात. घड गेले की वेल बाळंतीण असते, पंधरा-वीस दिवस थोडं खाऊ-पाणी नको का तिला? त्याच साठ्यावर एप्रिलची फूट निघायची असते."

इतक्यात रस्त्यानं अण्णा आले. थांबले. सुपाकडे बघून म्हणाले, "काय काकू, मेथी का?"

"मेथी नाही, देठ."

"काय भाव पडतो तपासणीला?"

काकूंनी सांगितला. अण्णा मान हलवत पुढे गेले, पाचेक पावलांवर थांबले, परत आले आणि तारेला हात लावून हळू आवाजात म्हणाले, "किती देठ लागतात म्हणालात?"

देठांची पिशवी आता माझ्याकडे फळीवर आहे, बाजूला अण्णांचीही. दोन्ही कागदी, प्लास्टिकमध्ये देठांना घाम सुटतो आणि ते कुजतात. आमची तिसरी संध्याकाळी तयार होईल. उद्या नाशिकला जाणारं कोणी असेल तर आठच्या आत मागच्या दाराशी या. आणि हो, मोटर ऑटोवरून काढली आहे.